वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात तज्ज्ञाचे मत: केव्हा लागते, कसे मिळवावे, आयोगापुढे कसे मांडावे

तेरवी आटोपते, पाहुणे परततात, आणि मग घरातली दोन-तीन माणसे प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे कागद घेऊन तालुक्याच्या गावी वकिलाकडे येतात. यवतमाळ जिल्ह्यात ग्राहक आयोगापुढे काम करताना मी हे इतक्यांदा पाहिले आहे की त्यांचा पहिला प्रश्न मला ठाऊक असतो. ‘वकीलसाहेब, डॉक्टरच्या विरोधात कोणता डॉक्टर उभा राहील?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हाती असावी लागतात. तज्ज्ञापुढे ठेवता येतील असे पूर्ण कागद आणि नेमके मुद्दे आपल्याजवळ आहेत का, आणि आपल्या प्रकरणात तज्ज्ञाची गरज खरोखर आहे का? ही उत्तरे नसताना नागपूरच्या चकरा मारणाऱ्या कुटुंबांचा पैसाही जातो आणि मुदतही निघून जाते. म्हणून पुढील मजकूर त्याच क्रमाने मांडला आहे.

कागद आधी

तज्ज्ञ रुग्णाला पाहणार नसतो, तो कागद पाहणार असतो. जे कागदावर नाही त्यावर त्याला मत देता येत नाही, आणि प्रामाणिक तज्ज्ञ ते देतही नाही. त्यामुळे रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून संपूर्ण नोंदींच्या प्रती मागणे ही पहिली पायरी होय. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने किंवा कायदेशीर यंत्रणेने नोंदी मागितल्यास डॉक्टरने ७२ तासांच्या आत त्या उपलब्ध करून द्यायच्या असतात, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवायच्या असतात. अर्ज दोन प्रतींत करावा, एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी, आणि पोच देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा. नोंदी मागूनही न दिल्याचा हा पुरावा पुढे फार कामी येतो, कारण जवळ असलेली नोंद जो दडवतो त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्यास आयोगाला वाव मिळतो.

केवळ ‘फाईल द्या’ असे लिहू नये. दाखल करतेवेळचा केसपेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, औषधे दिल्याचा तक्ता, नाडी आणि रक्तदाबाचा तक्ता, शस्त्रक्रियेची व भुलीची नोंद, संमतीपत्र, सर्व तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या प्रत्यक्ष फिल्म, रेफर चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि बिले हे सर्व नाव घेऊन मागावे. औषधाच्या दुकानाची बिले बहुतेक कुटुंबे निरुपयोगी समजून फेकून देतात. ती कृपा करून फेकू नका. कोणते औषध, किती आणि कोणत्या दिवशी विकत आणले हे त्या चिटोऱ्यांवरूनच कळते, आणि फाईलमधील नोंदीशी त्यांचा मेळ बसतो की नाही हे तज्ज्ञ सर्वांत आधी पाहतो. उपचार शासकीय रुग्णालयात झाला असेल तर हेच कागद माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून मागता येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क माफ आहे, आणि माहिती ३० दिवसांत मिळावयास हवी.

मृत्यू झाला असेल आणि मनात शंका असेल, तर शवविच्छेदनाचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागतो. आपल्याकडे ‘आता देहाची विटंबना नको’ म्हणून माणसे रात्रीच देह घेऊन गावी निघतात. ती भावना मला कळते, तिचा अनादर करावा असे मी कधीच म्हणणार नाही. पण मृत्यूचे कारण नोंदले गेले नाही तर पुढे कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी त्याला ‘शक्यता आहे’ यापलीकडे जाता येत नाही, आणि शक्यतेवर दावा उभा राहत नाही. पोलीस ठाण्यात लेखी कळवून शवविच्छेदनाची मागणी करावी, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतील अवयवांचे नमुने) राखून ठेवला असल्यास त्याची नोंद पाहावी आणि अहवालाची प्रत मागून घ्यावी.

सर्व कागद हाती आले की एका कोऱ्या कागदावर तारीख आणि वेळेप्रमाणे घटनाक्रम लिहावा: किती वाजता त्रास सुरू झाला, किती वाजता पहिल्या दवाखान्यात पोहोचलो, डॉक्टर प्रत्यक्ष केव्हा आले, केव्हा रेफर केले, १०८ ची गाडी केव्हा मिळाली. एका बाजूला कुटुंबाला आठवते ते आणि समोर फाईलमध्ये नोंदलेले असे दोन रकाने करावेत. या दोन रकान्यांत जिथे अंतर पडते तिथेच बहुधा दाव्याचा मुद्दा असतो.

तज्ज्ञ लागतोच का?

याबाबत गैरसमज पसरला त्याला एक कारण आहे. २००९ मध्ये मार्टिन डिसोझा विरुद्ध मोहम्मद इश्फाक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की डॉक्टरला नोटीस काढण्यापूर्वीच ग्राहक मंचाने (आजच्या ग्राहक आयोगाने) प्रकरण तज्ज्ञ डॉक्टरांकडे किंवा समितीकडे पाठवावे. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, व्ही. किशन राव विरुद्ध निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल या निकालात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की असा सरसकट नियम आधीच्या मोठ्या पीठांच्या निर्णयांशी आणि ग्राहक कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे, आणि प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही. त्या प्रकरणात हिवतापाच्या रुग्णावर टायफॉईडचा उपचार झाला होता, आणि नोंदीच इतके बोलत होत्या की वेगळ्या तज्ज्ञावाचून जिल्हा मंचाने दिलेला आणि पुढे अपिलात फिरवला गेलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केला. तेव्हा ‘तज्ज्ञाचे मत जोडलेले नाही, म्हणून तक्रार दाखल होत नाही’ असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये.

जिथे घटना स्वतःच बोलते तिथे तज्ज्ञाविना चालते. आपल्याच राज्यातील अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण पाहावे. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला, पुढे तिचा मृत्यू झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये शासनाला जबाबदार धरले. पोटात टॉवेल राहणे हा निष्काळजीपणा आहे हे समजण्यास वैद्यकशास्त्र शिकावे लागत नाही. त्याच वर्षीच्या पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या निकालात होमिओपॅथीच्या पदविकाधारकाने ॲलोपॅथीची औषधे दिली होती, आणि ज्या शास्त्राचे शिक्षणच नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा ठरला. खेड्यापाड्यांत हा मुद्दा वारंवार येतो, म्हणून उपचार करणाऱ्याची पदवी आणि कोणत्या परिषदेकडे नोंदणी आहे हे प्रथम तपासावे. कोणाला कोणती औषधे देण्याची मुभा आहे याचे नियम राज्यात बदलत आले आहेत, तेव्हा घटनेच्या दिवशी कोणता नियम होता तोच पाहावा. चुकीच्या बाजूच्या अवयवावर शस्त्रक्रिया किंवा संमतीच न घेता केलेली शस्त्रक्रिया हीही याच जातीची प्रकरणे आहेत.

याउलट, उपचाराचा पर्याय निवडण्यात चूक झाली का, रेफर करण्यास उशीर झाला का, आणि वेळीच केले असते तर रुग्ण वाचला असता का, हे प्रश्न आले की तज्ज्ञावाचून गत्यंतर नाही. रुग्ण दगावला किंवा शस्त्रक्रिया यशस्वी झाली नाही एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निकालाने कसोटी अशी ठरवली आहे की त्या शाखेतील सर्वसाधारण सक्षम डॉक्टरने त्या परिस्थितीत जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का. आणि ही तुलना घटनेच्या दिवशीच्या ज्ञानाशी व साधनांशी करायची असते, खटल्याच्या दिवशीच्या नव्हे.

फौजदारी तक्रारीत मात्र नियम कडक आहे. त्याच निकालाप्रमाणे खासगी तक्रार दुसऱ्या सक्षम डॉक्टरच्या विश्वासार्ह मताशिवाय न्यायालयाने विचारात घेऊ नये, आणि तपास अधिकाऱ्याने कारवाईपूर्वी शक्यतो त्या शाखेतील शासकीय सेवेतील डॉक्टरचे निःपक्ष मत घ्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) मध्ये नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद आहे, पण तिथे साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो. भरपाई हवी असलेल्या कुटुंबाने संतापाच्या भरात आधी पोलीस ठाण्याचा रस्ता धरू नये असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे, कारण तिथे आलेले प्रतिकूल मत पुढे भरपाईच्या प्रकरणातही तुमच्यासमोर ठेवले जाते.

कोणत्या दारी जायचे

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत घटनेपासून, म्हणजे दाव्याचे कारण घडल्यापासून, २ वर्षे. दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत मोबदला असल्यास शुल्क नाही. तक्रारकर्ता राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, त्यामुळे नागपूरच्या रुग्णालयाविरुद्ध घाटंजीच्या माणसाला यवतमाळला दाद मागता येते. सर्वांना पूर्णपणे मोफत सेवा देणारे शासकीय रुग्णालय मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या व्ही. पी. शांता निकालानुसार (१९९५) ग्राहक कायद्याबाहेर राहते. तिथे दिवाणी दावा करावा लागतो, आणि शासनाविरुद्ध त्याआधी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

तज्ज्ञ कोण असावा

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली (जुन्या कायद्यात ते कलम ४५ होते) विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीचे मत पुराव्यात घेता येते. ग्राहक आयोगाला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू नसला तरी तत्त्व तेच राहते. व्यवहारात तीन गोष्टी पाहाव्यात. तज्ज्ञ त्याच शाखेचा असावा: हाडाच्या शस्त्रक्रियेवर अस्थिरोगतज्ज्ञ, प्रसूतीतील रक्तस्रावावर स्त्रीरोगतज्ज्ञ, भुलीतील मृत्यूवर भूलतज्ज्ञ. न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक शवविच्छेदनाचा अर्थ उत्तम सांगतात, पण शल्यचिकित्सकाने काय करायला हवे होते हे सांगण्यास ते पुरेसे ठरत नाहीत. दुसरे, त्याने घटनेच्या काळात ते काम प्रत्यक्ष केलेले असावे. तिसरे, त्याला ग्रामीण रुग्णालयाची परिस्थिती ठाऊक असावी. महानगरातील अतिदक्षता विभागाच्या मापाने तालुक्याच्या दवाखान्याला मोजणारे मत उलटतपासणीत टिकत नाही, आणि तसे मोजणे न्याय्यही नाही.

त्याच जिल्ह्यातील डॉक्टर आपल्या सहकाऱ्याविरुद्ध सहसा लिहून देत नाही. यात रागावण्यासारखे काही नाही, त्यांना रोज एकमेकांकडे रुग्ण पाठवावे लागतात. म्हणून जिल्ह्याबाहेर पाहावे. वैद्यकीय महाविद्यालयांतून निवृत्त झालेले प्राध्यापक हा माझ्या अनुभवात सर्वांत चांगला मार्ग आहे. नागपूरचे मेडिकल आणि मेयो, सेवाग्राम, अकोला, यवतमाळ येथे आयुष्यभर शिकवलेली माणसे आसपासच राहतात, आणि फाईल नीट लावून दिली तर काहीजण वाचतात. शुल्क आधी विचारावे, मताच्या दिशेवर अवलंबून नसलेली रक्कम ठरवावी आणि पावती घ्यावी. आधी तोंडी मत घ्यावे. ते प्रतिकूल असेल तर तेही ऐकून घ्यावे, कारण तीन वर्षे तारखांना जाण्यापेक्षा ते आजच कळणे बरे.

दुसरा मार्ग आयोगामार्फत आहे. आयोगाने प्रकरण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या तज्ज्ञ समितीकडे पाठवावे असा अर्ज देता येतो. विरुद्ध पक्षाचे लेखी उत्तर आल्यावर लगेच हा अर्ज द्यावा; त्या उत्तरासाठी कायद्याने ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस आहेत. अर्जात शाखेचे नाव, पाठवायच्या कागदांची यादी आणि प्रश्न जोडावेत, आणि समितीत विरुद्ध पक्षाशी संबंध नसलेले सदस्य असावेत अशी विनंती करावी. प्रश्न न जोडता गेलेल्या प्रकरणावर ‘उपचार योग्य दिसतो’ अशी एका ओळीची चिठ्ठी येते, आणि मग ती ओळ पुसणे महाकठीण होते.

प्रश्न लिहिण्याचे काम

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ या कामाला द्यावा असे मी आग्रहाने सांगतो. ‘डॉक्टरने निष्काळजीपणा केला का?’ हा प्रश्न तज्ज्ञाला विचारायचाच नाही. तो निर्णय आयोगाचा आहे. तज्ज्ञाला विचारायचे ते अपेक्षित उपचार काय होता, प्रत्यक्ष काय झाले, आणि त्या फरकाचा परिणाम काय झाला.

एक कल्पित उदाहरण घेतो. सोयाबीनच्या सोंगणीत शेतकऱ्याला घोणस चावली, संध्याकाळी ६ वाजता तो तालुक्याच्या खासगी दवाखान्यात पोहोचला, रात्री ११ वाजता हिरड्यांतून रक्त येऊ लागले, पहाटे रेफर केले आणि वाटेत मृत्यू झाला. घोणसीचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, आणि त्याची तपासणी गरीबातला गरीब दवाखाना करू शकतो: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि ते गोठले का ते पाहायचे. विषबाधेची लक्षणे दिसल्यास प्रतिविष सुरू करायचे असते, पहिली मात्रा साधारण ८ ते १० व्हायलची असते. आता प्रश्न असे होतात. दाखल करतेवेळी उपलब्ध लक्षणांवरून २० मिनिटांची तपासणी करणे अपेक्षित होते का, आणि फाईलमध्ये तिची नोंद आहे का? असल्यास ती पुन्हा केव्हा करायला हवी होती? प्रतिविष किती वाजता आणि किती व्हायल दिल्याची नोंद आहे, आणि औषधाच्या बिलात किती व्हायल आहेत? रक्तस्राव दिसल्यानंतर रेफर करेपर्यंतच्या अवधीत कोणता उपचार नोंदला आहे? प्रतिविष ७ वाजेपर्यंत दिले असते तर जीव वाचण्याची शक्यता मृत्यूपेक्षा अधिक होती का, आणि कोणत्या वैद्यकीय आधारावर तसे म्हणता?

शेवटचा प्रश्न कारणसंबंधाचा आहे आणि बहुतांश तक्रारी तिथेच पडतात. चूक सिद्ध होते, पण त्या चुकीमुळेच हानी झाली हे सिद्ध होत नाही. रुग्ण चार तास मांत्रिकाकडे बसवून मग दवाखान्यात आणला असेल, सिकलसेलचा जुना आजार असेल, फवारणीचे औषध अंगात भिनलेले असेल, तर विरुद्ध पक्ष ते मांडणारच. ही वस्तुस्थिती तज्ज्ञापासून लपवू नये. ती आधीच सांगून ‘हे धरूनही उपचारातील त्रुटीचा वाटा किती?’ असा प्रश्न विचारावा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की तज्ज्ञाचे उरलेले मतही वाहून जाते.

मत कागदावर कसे असावे

ग्राहक आयोगात प्रकरण शपथपत्र आणि कागदपत्रांवर चालते, म्हणून तज्ज्ञाचे मत शपथपत्रावर असावे. त्यात त्याची पदवी, नोंदणी क्रमांक, अनुभव, पाहिलेल्या प्रत्येक कागदाची यादी, दोन्ही पक्षांशी नाते किंवा व्यवहार नसल्याचे विधान, प्रश्ननिहाय उत्तर आणि प्रत्येक उत्तरामागचे कारण असावे. पाठ्यपुस्तक किंवा उपचार-मार्गदर्शिकेचा आधार घेतला असेल तर त्या पानाची प्रत, आणि तीही घटनेच्या वेळी प्रचलित आवृत्तीची, जोडावी. रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रिजन्सी हॉस्पिटल (२००९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की तज्ज्ञाने निष्कर्षाकडे नेणारी सामग्री आणि कारणे न्यायालयापुढे ठेवावीत, म्हणजे न्यायालयाला स्वतःचा निर्णय करता येईल. कारणे नसलेल्या मताला फारसे वजन नाही.

उलटतपासणी आणि प्रतिकूल मत

तज्ज्ञाला जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे मारावे लागतील या भीतीने अनेकजण नकार देतात. त्यांना जे. जे. मर्चंट विरुद्ध श्रीनाथ चतुर्वेदी (२००२) हा निकाल दाखवावा. तज्ज्ञाची उलटतपासणी लेखी प्रश्नावलीने, दूरध्वनी किंवा व्हिडिओ परिषदेने अथवा आयुक्त (साक्ष नोंदवण्यासाठी नेमलेली व्यक्ती) नेमून करता येते, आणि तशी मागणी करणाऱ्यावर खर्च टाकता येतो. विरुद्ध पक्षाने आपला तज्ज्ञ दिला तर तुम्हीही प्रश्नावली द्यावी. दहा-बारा प्रश्न पुरतात. त्यांनी कोणते कागद पाहिले नाहीत, हे पहिल्या दोन प्रश्नांत विचारावे.

समितीचे मत विरुद्ध आले तरी प्रकरण तिथे संपत नाही, कारण ते मत आयोगावर बंधनकारक नसते. पुढच्याच तारखेला लेखी हरकत दाखल करावी, आणि ती मुद्देसूद असावी: अमुक कागद समितीपुढे गेलाच नाही, अमुक प्रश्नाला उत्तर नाही, संबंधित शाखेचा सदस्य नव्हता, कारणे दिलेली नाहीत. ‘डॉक्टर डॉक्टरांना सांभाळून घेतात’ एवढेच लिहिलेली हरकत मी कधी यशस्वी झालेली पाहिली नाही. २०१९ च्या अरुणकुमार मांगलिक विरुद्ध चिरायू हेल्थ या डेंग्यूच्या प्रकरणात उपचाराची दिशा मार्गदर्शिकेप्रमाणे होती असे मत असूनही रुग्णावर वेळोवेळी लक्ष ठेवण्यात कसूर झाली हे नोंदींवरून दिसले, आणि सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली. हरकत लिहिताना हाच नमुना समोर ठेवावा: मत काय म्हणते आणि तक्त्यावर कोणत्या वेळेची नोंद नाही.

जिल्हा आयोगाचा निकाल विरुद्ध गेल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करावे लागते, आणि विदर्भातील पक्षकारांसाठी राज्य आयोगाचे पीठ नागपूरला आहे. अपिलात नवा तज्ज्ञ आणण्याची परवानगी सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे शपथपत्र, जोडपत्रे, प्रश्नावली आणि हरकत हे सर्व जिल्हा आयोगाच्या अभिलेखात क्रमांकासह आले आहे की नाही हे पुरावा संपल्याची पुरसिस (तसे लेखी निवेदन) देण्यापूर्वी स्वतः अभिलेख उघडून, पान पान मोजून पाहावे.